पाय-होल वापरून: जाहिराती थांबल्या, पण टीव्ही ऐकेना

पाय-होल, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांवरच्या जाहिराती अडवणारा प्रोग्रॅम, बसवावा का, असं आमच्या सोसायटीतल्या दोघातिघांनी मला विचारलं. माझं उत्तर ठरलेलं आहे: जरूर बसवा, पण त्याआधी आपल्याला हवे ते नियम लिहू देणारा, स्वतःच्या मालकीचा राउटर घ्या. ऐकणारा जरा हिरमुसतो. कारण पाय-होलची कीर्ती 'फुकट आहे, अर्ध्या तासात बसतो, घरभर जाहिराती बंद' अशी आहे. फुकट आहे हे खरं. अर्ध्या तासात बसतो हेही खरं. घरभर जाहिराती बंद, हे मात्र अर्धंच खरं. उरलेल्या अर्ध्यात माझा सगळा वेळ गेला, म्हणून हे परीक्षण त्याच अर्ध्याबद्दल जास्त आहे.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. फॉल्ट शोधणं हा पेशा होता, आता तोच छंद आहे. ठाण्यात राहतो. घरात आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नात. पाच माणसं, पण वायफायला जोडलेल्या वस्तू त्याच्या तिप्पट तरी असतील: सगळ्यांचे फोन, नातीचा टॅब, सुनेचा ऑफिसचा लॅपटॉप, मुलाचा आयफोन, हॉलमधला मोठा टीव्ही, दारावरचा कॅमेरा, बोलणारा स्पीकर, प्रिंटर, आणि मुलानं हौसेनं आणलेले दोन स्मार्ट बल्ब.

पाय-होल काय करतो ते आधी सांगतो. फोन एखादी साइट उघडतो तेव्हा त्या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा नंबर, आधी डीएनएस सर्व्हरला विचारतो. पूर्वी लोक १९७ फिरवून माणसाचं नाव सांगायचे आणि नंबर घ्यायचे, तसंच. पाय-होल ही चौकशीची खिडकी घरातल्याच एका छोट्या संगणकावर उघडतो. त्याच्याकडे जाहिरातवाल्या आणि पाळत ठेवणाऱ्या डोमेनांची, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची, भलीमोठी यादी असते. यादीतलं नाव कुणी विचारलं की तो ०.०.०.० असा पोकळ पत्ता हातात देतो आणि जाहिरात जागच्या जागी विरते. बाकी नावांचे खरे पत्ते तो बाहेरून आणून देतो. जेकब साल्मेला यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आज स्वयंसेवकांच्या जोरावर आणि देणग्यांवर चालतो. आतलं इंजिन म्हणजे डीएनएसमास्क या जुन्या, मुरलेल्या प्रोग्रॅमचीच सुधारलेली आवृत्ती. २०२५ च्या फेब्रुवारीत सहावी आवृत्ती आली, तेव्हापासून वेब सर्व्हरही, म्हणजे त्याची पानं ब्राउझरमध्ये दाखवणारा भागही, त्यातच आहे. त्यासाठी लायटीपीडी आणि पीएचपी हे वेगळे प्रोग्रॅम बसवत बसायची गरज राहिली नाही.

मी तो रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसवला आहे. पाय लॅमिंग्टन रोडवरून आणला. या कामाला अगदी लहान पाय झीरो २ डब्ल्यूसुद्धा पुरतो, ५१२ एमबी मेमरी भरपूर झाली. पण त्याला लॅनचं, म्हणजे केबल लावायचं, पोर्ट नाही, आणि घरभराच्या चौकश्या वायफायवर टांगून ठेवणं मला पटत नाही. म्हणून केबल लागणारं मॉडेल घेतलं.

बसवल्यावर पहिले काही दिवस मजेचे. डॅशबोर्डवर आलेख हलत असतात, कुठलं उपकरण कुणाकुणाला विचारतं ते दिसतं. वर्तमानपत्रांच्या मराठी साइट्स, जिथे बातमी शोधावी लागायची, तिथे बातमी सापडायला लागली. सौ.ला पाककृतीच्या साइटवर मध्येच उडी मारणारे व्हिडिओ दिसेनासे झाले, एवढ्यावर ती खूश. इथपर्यंत पाय-होलला पैकीच्या पैकी गुण.

मग मी उपकरणांची यादी वाचायला बसलो. यादीत काय आहे यापेक्षा काय नाही हे बघायची जुनी सवय. हॉलमधला टीव्ही रोज संध्याकाळी चार तास चालतो, आणि यादीत त्याचं नाव जवळपास नाहीच. दिवसभरात दोनचार चौकश्या, त्याही वेळ जुळवून घेण्याच्या. टीव्हीच्या पहिल्या पडद्यावर मात्र जाहिरातींचे चौकोन जोमात. म्हणजे टीव्ही पत्ते विचारत होता, फक्त आमच्या खिडकीवर नाही.

पाय-होलची मर्यादा नेमकी इथे आहे, आणि ती त्याच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवी होती. जो त्याला विचारतो त्यालाच तो अडवतो. राउटर डीएचसीपीवरून, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटतानाच, प्रत्येक उपकरणाला सांगतो की डीएनएससाठी अमुक पत्त्यावर जा. उपकरणानं ते मानलंच पाहिजे अशी सक्ती कुठेही नाही. जे मानत नाही त्याला पाय-होल दिसतही नाही आणि थांबवताही येत नाही.

न मानण्याचे प्रकार मात्र वेगवेगळे. प्रत्येकाचं लक्षण वेगळं, इलाज वेगळा. सगळ्यांना एकच गोळी देणारे व्हिडिओ बरेच आहेत. ते बघून राउटर रीसेट करणारे शेजारीही बरेच आहेत.

चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं उदाहरण घ्या. त्यांच्या पाय-होलमध्ये एकच ग्राहक, म्हणजे चौकशी करणारं उपकरण, दिसायचा: राउटर. त्यांनी पाय-होलचा पत्ता राउटरच्या इंटरनेटकडच्या, म्हणजे वॅनच्या रकान्यात भरला होता. मग घरातलं प्रत्येक उपकरण राउटरला विचारणार, आणि राउटर सगळ्यांच्या वतीनं पाय-होलला. जाहिराती थांबतात, पण कोण काय विचारतं ते कळत नाही. शिवाय पाय-होलमध्ये मुळातच एक मर्यादा घातलेली असते: एका ग्राहकाला ६० सेकंदांत १,००० चौकश्या. एका फोनला ती कधीच लागत नाही. सगळं घर एका नावावर आलं आणि त्यात एखादं बिघडलेलं ॲप पुन्हापुन्हा विचारत सुटलं, तर मात्र मर्यादा संपते आणि घरभराचं इंटरनेट काही क्षण 'बंद' पडतं. त्यांना वाटायचं कंपनीची लाइन जाते. पत्ता घराकडच्या, म्हणजे लॅनच्या, डीएचसीपी रकान्यात हलवला, प्रश्न मिटला.

दुसरा प्रकार त्याहून साधा. राउटरमध्ये डीएनएसचे दोन रकाने असतात. पहिल्यात पाय-होल भरतात आणि दुसऱ्यात, 'असू दे अडीअडचणीला' म्हणून, गुगलच्या डीएनएसचा पत्ता ८.८.८.८. उपकरणं दुसऱ्याकडे फक्त अडचणीतच जातात असं नाही. काही दोघांना आळीपाळीनं विचारतात, काही ज्याचं उत्तर लवकर येतं त्याला चिकटतात. दुसरा रकाना रिकामा ठेवा, किंवा दुसरा पाय-होल उभा करा. काही राउटर तर रिकामा रकाना बघून त्यात गुपचूप स्वतःचा पत्ता भरतात. विंडोजच्या लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग ऑल ही आज्ञा दिली की प्रत्यक्ष कुठले डीएनएस पत्ते मिळाले ते दिसतं. राउटरच्या पानावर काय लिहिलंय यापेक्षा हे खरं.

आता इंटरनेट कंपनीच्या डब्याबद्दल. नाव घेत नाही, कारण त्याबाबतीत सगळे एका माळेचे मणी आहेत. आमच्याकडे फायबरबरोबर जो वायफायचा डबा आला त्यात डीएचसीपीचा डीएनएस बदलायचा रकाना होता, पण करडा. त्यावर क्लिक होत नाही. कस्टमर केअरला विचारलं तर तिकडून, "सर, एकदा राउटर बंद करून चालू करा." यावर एक तोडगा असा की डब्यातला डीएचसीपी बंद करायचा आणि ते काम पाय-होललाच द्यायचं. ती सोय त्यात आहे आणि चांगली चालते. मी तसं केलं. आयपीव्ही४, म्हणजे आयपी पत्त्यांची जुनी पद्धत, तिच्यापुरतं सगळं सुतासारखं सरळ झालं.

आणि तरी फोनवर जाहिराती कधी यायच्या, कधी नाही. सर्वात त्रासदायक फॉल्ट हाच, अधूनमधून येणारा. आम्ही लाइनवर असताना पावसात येणारा खरखराट असाच असायचा, माणूस बघायला गेला की लाइन स्वच्छ. इथे कारण निघालं आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत. आपल्याकडे मोबाइलप्रमाणे घरगुती फायबरवरही आता आयपीव्ही६ सर्रास असतं. त्यात डीएनएसचा पत्ता डीएचसीपीवरूनच मिळतो असं नाही. राउटर अधूनमधून सगळ्यांना उद्देशून दवंडी पिटतो, तिला राउटर ॲडव्हर्टाइजमेंट म्हणतात, आणि त्यातही डीएनएसचा पत्ता घालता येतो. अँड्रॉइड फोन डीएनएससाठी याच दवंडीवर विसंबतात. आयपीव्ही६ च्या डीएचसीपीवरून ते डीएनएसचा पत्ता घेत नाहीत. आमचा डबा आयपीव्ही४ वर गप्प बसला होता, पण आयपीव्ही६ वर 'डीएनएससाठी माझ्याकडे या' अशी हाक मारतच होता. फोनकडे दोन पत्ते झाले: एक पाय-होलचा, एक डब्याचा. ज्या वेळी ज्याची निवड होईल तसं.

यावर लोक सरळ आयपीव्ही६ बंद करून टाकतात. मला ते आवडत नाही. त्याची गरजही नाही. आयपीव्ही६ चा पत्ता विचारायची चौकशी आयपीव्ही४ वरून जाऊ शकते, दोन्ही गोष्टी वेगळ्या. म्हणून फक्त त्या दवंडीतला डीएनएस काढला तरी पुरतं. किंवा पाय-होलला एफडीनं सुरू होणारा घरगुती आयपीव्ही६ पत्ता द्या आणि दवंडीत तो घाला. कंपनीकडून मिळालेला जागतिक पत्ता तिथे घालू नका, लाइन परत जोडली गेली की तो बदलू शकतो. पण डब्यात यातलं काहीच करता येत नव्हतं. तेव्हा मी ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे हवे ते नियम लिहू देणारी राउटरची प्रणाली, चालणारा राउटर घेतला, कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसती लाइन पुढे देण्यापुरता, टाकून घेतला, आणि घराचा कारभार आपल्या हातात आणला. सुरुवातीला 'आधी राउटर घ्या' म्हटलं ते म्हणून. पायपेक्षा राउटरला जास्त पैसे पडले.

राउटर आला आणि टीव्हीची पाळी आली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, भलेभले इथे अडकतात. टीसीपीडम्प हे नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं साधन पायवर चालवून टीव्हीची चोरी सापडणार नाही. टीव्हीकडून निघालेलं पाकीट राउटरकडे जातं आणि तिथून बाहेर; पायच्या वाटेवर ते येतच नाही. ऐकायचं तर नाक्यावर, म्हणजे राउटरवर बसून ऐकावं लागतं. मी राउटरवर टीसीपीडम्प बसवला, टीव्हीचा आयपी पत्ता आणि पोर्ट ५३ (डीएनएसच्या चौकश्यांचं ठरलेलं दार) अशी चाळणी लावली, आणि सौ.ला म्हटलं, "टीव्ही लाव." एका मागोमाग एक ओळी धावल्या. प्रत्येक ओळीत ८.८.८.८. टीव्हीत तो पत्ता कारखान्यातूनच ठोकून बसवलेला होता. गुगलच्या क्रोमकास्टबद्दल ही गोष्ट वर्षानुवर्षं माहीत आहे, आणि त्या वाटेनं जाणारी इतरही उपकरणं पुष्कळ आहेत. उत्पादकांच्या बाजूनं एक कारण बरोबर आहे: लोकांच्या घरचे डीएनएस इतके रडतखडत चालतात की 'टीव्ही चालत नाही' अशा तक्रारी टाळायला भरवशाचा पत्ता आत घातलेला बरा. पण मग सेटिंगमध्ये तो बदलू द्यायला काय हरकत होती? आमच्या टीव्हीत डीएनएस हातानं भरायचा रकाना आहे. त्यात पाय-होल भरला. वायफायची चाचणी त्या पत्त्यानं होते, ॲप मात्र आपली ८.८.८.८ लाच विचारतात.

टीव्हीच्या मागे मी एवढा का लागलो, असं मुलानं विचारलं. टीव्ही नुसत्या जाहिराती दाखवत नाही, तो आपल्याला बघतही असतो. अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही कंपनीनं २०१७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यू जर्सी राज्याशी २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. लोक काय बघतात याची सेकंदासेकंदाची माहिती १ कोटी १० लाख टीव्हींवरून न विचारता गोळा केल्याचा आरोप होता. "मग टीव्ही इंटरनेटला जोडूच नका ना, बाबा," सून म्हणाली. मुद्दा बिनतोड. पण सासूबाईंच्या मालिका त्याच इंटरनेटवर येतात, हे तिलाही माहीत आहे.

इलाज दोन. ८.८.८.८ कडे जाणारी चौकशी नुसती अडवली तर काही उपकरणं नमतं घेऊन डीएचसीपीचा पत्ता वापरतात, काही मात्र 'इंटरनेट नाही' असं म्हणून रुसून बसतात. त्यापेक्षा वळवणं बरं. राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे पाकिटांची ये-जा ठरवणाऱ्या भागात, नियम लिहायचा: घरातून बाहेर पोर्ट ५३ वर जाणारं प्रत्येक पाकीट, यूडीपी असो की टीसीपी (पाकिटं पाठवायच्या दोन रीती), कुणाच्याही नावे असो, पाय-होलकडे फिरवा. अपवाद फक्त खुद्द पाय-होलचा. तो अपवाद घालायचा विसरला तर पाय-होल बाहेर विचारायला जातो, राउटर त्याला परत त्याच्याकडेच पाठवतो, आणि घरात कुणालाच काही उत्तर मिळत नाही.

नियम लिहिला, तरी टीव्हीला उत्तर मिळेना. इथे थोडं सावकाश वाचा. टीव्हीनं पत्र लिहिलं ८.८.८.८ ला. राउटरनं ते पाय-होलला दिलं. पाय-होल आणि टीव्ही एकाच जाळ्यात, म्हणून पाय-होलनं उत्तर राउटरला न सांगता सरळ टीव्हीला पाठवलं, स्वतःच्या पत्त्यावरून. टीव्ही म्हणतो, मी तुला विचारलंच नव्हतं, आणि उत्तर फेकून देतो. म्हणून वळवताना राउटरनं पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलून स्वतःचा घालायचा, ज्याला मास्करेड म्हणतात. मग उत्तर राउटरकडे परत येतं आणि तो ते ८.८.८.८ च्या नावानं टीव्हीला देतो. टीव्ही समाधानी.

पण मास्करेडची किंमत आहे. पाय-होलच्या नोंदीत टीव्हीच्या चौकश्या राउटरच्या नावावर पडतात. आणि पाय-होलची मला सर्वात आवडलेली सोय, उपकरणांचे गट करून प्रत्येक गटाला वेगळी यादी लावण्याची, तिथे निकामी होते. मला टीव्हीसाठी कडक यादी हवी होती आणि सौ.च्या फोनसाठी सौम्य. म्हणून शेवटी राउटरवर एक वेगळं सबनेट, म्हणजे घरातलंच दुसरं जाळं, केलं आणि पाय-होलला त्यात बसवला. आता टीव्ही आणि पाय-होल एका जाळ्यात नाहीत, उत्तराला राउटरमधूनच यावं लागतं, मास्करेड लागत नाही आणि नोंदीत टीव्ही टीव्ही म्हणूनच दिसतो. ज्यांना गट वापरायचे नाहीत त्यांनी या भानगडीत पडू नये, मास्करेड पुरे.

वळण लागलं की नाही हे तपासायची सोपी रीत: लॅपटॉपवरून एनएसलुकअप या पत्ता विचारणाऱ्या आज्ञेनं मुद्दाम ८.८.८.८ ला डबलक्लिक डॉट नेट या जाहिरातवाल्या डोमेनचा पत्ता विचारा. उत्तर ०.०.०.० आलं तर समजा की विचारलं गुगलला आणि बोलला पाय-होल. खरा पत्ता आला तर नियमात कुठेतरी भोक आहे. आयपीव्ही६ वर तेच परत तपासा. गुगलच्या २००१:४८६०:४८६०::८८८८ या पत्त्याचीही सवय उपकरणांना असते. तिथे मी वळवत बसलो नाही, पोर्ट ५३ बाहेर जाऊच देत नाही. आणि टीव्हीवर फरक बघायचा तर तो रिमोटनं बंद करून चालणार नाही, तो नुसता डोळे मिटतो. भिंतीवरचं बटण बंद करा.

जाहिरातीचे चौकोन करडे पडले. दुसऱ्या दिवशी सौ.ची हाक: "अहो, मालिका सुरूच होत नाहीये. तुम्ही परत काही केलंत का?" ॲप सुरू होताना एक मोजणीचं डोमेन हटकून मागत होतं आणि ते कडक यादीत होतं. टीव्हीच्या गटाला तेवढं एक मोकळं केलं. नोंदीत लाल ओळ दिसते, शेजारी परवानगीचं बटण असतं, दाबलं की झालं. इथे पाय-होलच्या पडद्याला दाद द्यायला हवी. इंग्रजीत असला तरी फॉल्ट शोधणाऱ्याला हवं ते हवं तिथे मिळतं.

फोनांचा विषय पटकन संपवतो. अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएस नावाची सेटिंग आहे. ती 'ऑटोमॅटिक'वर असेल तर काळजी नको: फोन पाय-होलला पोर्ट ८५३ वर सांकेतिक भाषेत विचारून बघतो, तिथे कुणी नाही म्हटल्यावर मुकाट साध्या भाषेवर येतो. पण तिथे कुणी डीएनएस डॉट गुगल असं नाव भरलं असेल तर तो फोन पाय-होलच्या हद्दीबाहेर गेला. राउटरवर ८५३ अडवलं तर फोन 'प्रायव्हेट डीएनएस सर्व्हर सापडत नाही' म्हणतो आणि इंटरनेट सोडून देतो, मग मालक आपल्याकडे येतो. हे बरं. मात्र गुगल आणि क्लाउडफ्लेअरची नावं भरलेली असतील तर २०२२ पासून अँड्रॉइड त्यांच्याकडे वेबच्या नेहमीच्या पोर्ट ४४३ वरून, एचटीटीपी ३ नं जाऊ शकतो, तेव्हा नुसतं ८५३ अडवून भागत नाही.

आयफोनवर आयक्लाउड प्रायव्हेट रिले, म्हणजे आपली वाहतूक झाकून नेणारी ॲपलची सोय, आहे आणि फायरफॉक्सचा स्वतःचा डीएनएस आहे. या दोघांनी निदान सभ्यपणा दाखवला. ठरावीक डोमेन विचारून ते बघतात की या जाळ्याच्या मालकाची हरकत आहे का, आणि पाय-होल आपणहून 'हरकत आहे' असं उत्तर देतो. फायरफॉक्समध्ये कुणी स्वतःच्या हातानं ती सोय चालू केली असेल तर अर्थातच तो विचारत नाही. क्रोम साध्या स्थितीत पाय-होलला सोडून जात नाही. सुनेच्या ऑफिसचा लॅपटॉप व्हीपीएनमधून जातो, त्याचं डीएनएस तिच्या ऑफिसचं. त्याला मी हात लावत नाही, आणि तुम्हीही लावू नका.

खरा तिढा उरतो तो एचटीटीपीएसवरून, म्हणजे वेबच्या सांकेतिक वाटेवरून, जाणाऱ्या डीएनएसचा. २०१८ मध्ये तो प्रमाणित झाला. चौकशी पोर्ट ४४३ वरून, इतर वेब वाहतुकीच्या घोळक्यात मिसळून जाते. ती ओळखता येत नाही, वळवताही येत नाही, कारण समोरच्याचं प्रमाणपत्र जुळलं नाही तर ॲप उत्तर घेतच नाही. उपाय एकच: अशी सेवा देणाऱ्या माहीत असलेल्या सर्व्हरांची नावं पाय-होलमध्ये आणि आयपी पत्ते राउटरच्या फायरवॉलमध्ये अडवायचे. अशा तयार याद्या मिळतात, त्या ताज्या ठेवाव्या लागतात. तरी एखादं ॲप स्वतःच्या कंपनीचा सर्व्हर वापरत असेल तर तो यादीत येणार कुठून? आमच्या घरी स्पीकरच्या चौकश्या इतक्या कमी दिसतात की मला त्याचा संशय आहे. राउटरवर त्याची ४४३ ची वाहतूक दिसते, आत काय आहे ते दिसत नाही. मी त्याला पाहुण्यांच्या वायफायवर टाकला आहे, घरातल्या बाकी वस्तूंपासून वेगळा. नात विचारते, "आजोबा, तो आपला पाहुणा आहे का?"

आणि यूट्यूब. प्रत्येक जण हाच प्रश्न आधी विचारतो. नाही, पाय-होलनं यूट्यूबच्या जाहिराती जात नाहीत. व्हिडिओ आणि जाहिरात एकाच गुगलव्हिडिओ डोमेनवरून येतात. नाव अडवलं तर दोन्ही अडतात. नुसत्या यूट्यूबसाठी पाय-होल घेणार असाल तर तेवढे कष्ट वाचवा.

पर्याय म्हणून ॲडगार्ड होमही बघितला. तोही मोफत, घरीच चालणारा. सांकेतिक डीएनएसची सेवा तो स्वतःच देऊ शकतो, म्हणजे स्वतःचं डोमेन आणि प्रमाणपत्र असेल तर अँड्रॉइडच्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये घरचंच नाव भरता येतं. घराबाहेर जास्त असणाऱ्यांना तो बरा वाटेल. नेक्स्टडीएनएस ढगातला, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर चालणारा, पाय नको की केबल नको, महिन्याला ३ लाख चौकश्या फुकट. पण घरभराला जोडला तर टीव्हीसारखे बोलघेवडे ते पटकन संपवतात, आणि घरातल्या चौकश्यांची नोंद आपल्याकडे न राहता दुसऱ्याकडे जाते. ठोकून बसवलेल्या ८.८.८.८ चा प्रश्न तर तिघांनाही तसाच. तो राउटरच सोडवतो, म्हणून कुठला पर्याय निवडावा यावर मी फार वाद घालत नाही.

पाय-होलला पाचापैकी चार. एक गुण कापला तो 'घरभर' या शब्दासाठी. ज्यांच्याकडे कंपनीचा कुलूपबंद डबाच आहे आणि तोच ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी तीन.

घेणारच असाल तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. पायबरोबर त्याचाच ॲडाप्टर घ्या, ड्रॉवरमधला मोबाइलचा जुना चार्जर नको. व्होल्टेज पडलं की मेमरी कार्डावर लिहिताना गडबड होते आणि कार्ड जातं. आणि पाय, राउटर, फायबरचा डबा, तिघांनाही एकाच इन्व्हर्टरच्या प्लगवर ठेवा. वीज गेल्यावर राउटर चालू आणि पाय बंद अशी अवस्था झाली तर घरात कुणालाच कुठला पत्ता मिळत नाही, आणि अशा वेळी सगळे तुमच्याकडेच बघतात. सेटिंग्ज टेलिपोर्टर नावाच्या पानावरून एका फाइलमध्ये उतरवून घ्या. ती फाइल त्याच कार्डावर ठेवू नका.